दोरी मास्तरांचा चौथा दिवस

फाल्गुन लागला त्या दिवशी दोरी मास्तरांच्या बहिणीच्या विहिरीत मोट बुडाली नाही. बैल मागे सरले, नाडा सैल झाला, मोट पाण्याला टेकली आणि आडवी पडली. त्या दिवसापासून मास्तरांनी विहीर मोजणे सोडले.

त्याआधीची वीस वर्षे रनाळे आणि आसपासच्या पाच-सात गावांत मास्तरांच्या दोरीशिवाय नवी विहीर चालू होत नसे. ते आमच्या प्राथमिक शाळेत शिकवत. खांद्यावर उपरणे असावे तशी ती दोरी असे. सुती, तेल पाजलेली, दर हातावर गाठ आणि गाठींच्या मध्ये बोटाबोटावर लाल दोरा गुंडाळलेला. टोकाला एक गोटा. शाळेत येताना ती खुंटीला अडकवत आणि सुटीची घंटा होताच पुन्हा खांद्यावर घेत. त्यांचे खरे नाव हजेरीपटाच्या पहिल्या पानावर होते, पण ते फक्त तपासणीला येणारे साहेब वाचत. बाकी सगळ्यांना ते दोरी मास्तर.

विहिरीला पाणी लागले की आमच्याकडे गूळ वाटतात. गूळ हातावर पडला की मालकाला घाई होते. कुणी ऊस लावायचे बोलतो, कुणी दुसरी मोट जोडायचे. मास्तर गूळ तोंडात टाकत आणि म्हणत, "पाणी किती आहे ते मला विचारू नका. ते कसे उतरते ते विचारा." मग चार दिवस ओळीने मोट चालवायची. रोज पहाटे बैल जुंपण्याआधी मास्तर येऊन काठावर उकिडवे बसत, गोटा सोडत, आणि कालच्या खुणेपासून पाणी किती बोटे खाली गेले ते वहीत लिहीत. पहिल्या दिवसाचा आकडा नेहमी मोठा असे आणि मालकाचा चेहरा उतरे. तेव्हा मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवत. "पहिल्या दिवशी सगळ्याच विहिरी घाबरतात. चौथा दिवस खरा बोलतो."

त्यांच्या लेखी विहिरींच्या तीन जाती होत्या. पहिली ठरती. ती पहिल्या दिवशी बारा बोटे उतरली तर दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी दीड. अशी विहीर कितीही दिवस उपसली तरी एकूण चोवीस बोटांच्या, म्हणजे एका हाताच्या, खाली जात नाही. त्या हाताच्या जवळ जवळ जाते आणि तिथेच राहते. दुसरी जाती, म्हणजे जाणारी. ती रोज सारखेच उतरते, किंवा आजच्यापेक्षा उद्या जास्त. तिचा तळ दिसणार हे ठरलेले, प्रश्न फक्त दिवसांचा. तिसरी झुलती. ती आज चार बोटे उतरते आणि उद्या चार बोटे चढते. शेजारच्या मळ्यात एक दिवसाआड मोट चालत असली की असे होते. तिला तळही नाही आणि ठिकाणही नाही. झुलत्या विहिरीवर मास्तर कधीच रागावत नसत. "तिचा दोष नाही. तिला दुसरं कुणीतरी हलवतंय," एवढेच म्हणत.

पुढे मी कॉलेजात गणित शिकलो. तिथे हेच सगळे इंग्रजीत होते. आता त्याला मराठीत अभिसारी, अपसारी, आंदोलित असे शब्द करू लागले आहेत. ते बरोबर आहेत, पण मला मास्तरांचे शब्द आधी आठवतात.

गावाने ते शब्द विहिरींपुरते ठेवले नव्हते. दर निवडणुकीला पागोटे बदलणाऱ्या एका गृहस्थांना सगळे झुलती म्हणत. एकदा चावडीवर पाटलांनी मास्तरांना अडवले. त्यांचा थोरला मुलगा दोनदा घर सोडून गेला होता आणि दोनदा परत आला होता.

"मास्तर, मन्हा पोऱ्या कोनती जातना? ठरी का जाई?"

"पाटील, चार दिन मोजेल नही. कसं सांगू?"

"पंचवीस वरीस मी मोजी ऱ्हायनू ना त्याले!"

"तुम्ही बाप शेत. बापनी दोरी लांबत ऱ्हास."

चावडी हसली. पाटीलही हसले. मास्तर हसले नाहीत, कारण ते त्यांनी थट्टेने म्हटले नव्हते. मोजणाऱ्याचा जीव ज्यात अडकला आहे ते त्याने मोजू नये, असे त्यांचे मत होते. घरात, रस्त्यात, बाजारात ते आमच्यासारखेच अहिराणी बोलत; आम्हा विद्यार्थ्यांशी तेवढी मराठी. पण विहिरीच्या काठावर चौथ्या दिवशी निकाल सांगताना ते उभे राहत, टोपी नीट करत आणि शाळेतली मराठी बोलत. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "बोलीत सांगितलं तर ते माझं म्हणणं वाटतं. पुस्तकात सांगतात तसं सांगितलं की माप वाटतं."

त्यांच्या घरात माणूस नव्हते. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली आणि त्यांनी दुसरे लग्न केले नाही. एक धाकटी बहीण होती, भागाबाई. तिला दोन कोसांवर दिले होते. मेहुणे दगाजी कष्टाळू होते आणि कमी बोलत. वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भागाबाई माहेरी येई. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, पण आपल्या पायांनी येत नाहीत. भाऊ मुऱ्हाळी होऊन बैलगाडी घेऊन आणायला जातो. मास्तर त्या दिवशी धुतलेले धोतर नेसून गाडीत बसत. ते आठ दिवस त्यांच्या दाराशी लिंबाला झोका असे, बाया गाणी म्हणत, आणि मास्तर ओट्यावर बसून वही तपासल्यासारखे करत ऐकत. वर्षाचे बाकीचे दिवस त्या घरातून आवाज येत नसे.

दगाजींनी विहीर खणली ती पौषात. माघाच्या पहिल्या दिवशी मोट जुंपली. मास्तरांनी आधी नकार दिला होता. "आपलं मानूस शे. दुसरा कोनले बलावा." पण दुसरे कुणी नव्हते, आणि भागाबाईने हट्ट धरला. विहिरीत चार हात पाणी होते. मोट नीट बुडायला दोन हात लागते. म्हणजे दोन हात, अठ्ठेचाळीस बोटे, उतरले तरी चालणार होते. मास्तर चार पहाटे तिथे गेले. पहिल्या दिवशी बारा बोटे. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी तीन.

मास्तर उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "उतार रोज कमी होत आहे. विहीर ठरेल."

दगाजींनी मोट थांबवलीच नाही. पाचव्या दिवशी उसाची बेणी सरीत गेली. ऊस उगवून गुडघ्याच्या खाली असतानाच फाल्गुन लागला. पुढे काय झाले ते मी सुरुवातीला सांगितले. उन्हाळाभर तो ऊस उभा वाळला. पावसाळ्याच्या तोंडाशी दगाजींनी जमीन भावकीकडे दिली आणि बायकोला घेऊन ते नवापूरकडे, डोंगराच्या कडेला, नव्या जागेवर गेले.

गावात कुणी मास्तरांना दोष दिला नाही. विहीर आटते, कुणाची आटते, कुणाची टिकते. पण मास्तरांनी दोरी खुंटीला लावली ती लावली. कुणी बोलवायला आले तर म्हणत, "मन्ही दोरी खोटी शे." पहिले काही महिने त्यांनी ती दोरी खरोखर तपासली. ओली करून मोजली, वाळवून मोजली, दगड बांधून ताणली. गाठी जिथल्या तिथे होत्या. मग त्यांनी दोरीला हात लावणे सोडले. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. दोरी खरी निघाली म्हणजे खोटा दुसराच कुणीतरी होता.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो. सुटीत त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत असे. एकदा ते स्वतःशीच आकडे म्हणत होते, परवचा म्हणावा तसे. बारा, सहा, चार, तीन. थोडे थांबून पुन्हा. मग मला म्हणाले, "चौथ्या दिवशी भागा काठावर उभी होती. माझ्या तोंडाकडे बघत होती. पाणी तीन बोटं उतरलं होतं की साडेतीन, की चार? मी तीन लिहिलं. मला तीन हवं होतं म्हणून तीन दिसलं का रे?"

त्या वर्षीची आखाजी आली. गल्लीत चार ठिकाणी झोके होते. मास्तरांच्या लिंबाला नव्हता. माझी आई म्हणाली, "दगाजीनी तोडी टाकं. बायकोले धाडत नही." सगळ्या गावाचा तोच समज होता, आणि माझाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर एक बेरीज लिहिली. एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश, आणि अशीच पुढे. वर्गाला विचारले, ही बेरीज कुठे थांबेल? प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान होते, शून्याकडे चालले होते. आम्ही सगळे म्हणालो, थांबेल. ते म्हणाले, थांबणार नाही. पदे लहान होत जाणे वेगळे आणि बेरीज ठरणे वेगळे. मग त्यांनी पदांचे गट पाडून दाखवले.

मी उतरवून घेत होतो. माझी पेन्सिल थांबली. फळ्यावरच्या त्या पदांना बाराने गुणले तर बारा, सहा, चार, तीन येत होते.

खोलीवर येऊन मी वहीच्या मागल्या पानावर ती बेरीज पुढे चालवली. पाचव्या दिवशी दोन बोटे आणि थोडे. सहाव्या दिवशी दोन. दहाव्या दिवशी एक बोट आणि थोडे. विसाव्या दिवशी बोटाहून बरेच कमी. इतके कमी की काठावर बसलेल्या माणसाला पाणी हललेले दिसणार नाही. आणि तरी बेरीज चढत होती. अठ्ठेचाळीस बोटे कधी भरतात ते मी काढले. तिसाव्या दिवशी बोटाचा अगदी लहानसा अंश बाकी राहत होता. एकतिसाव्या दिवशी भरत होती.

हे मला मास्तरांना सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. पत्रात लिहिणे मला जमले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्या ओट्यावर रोज बसलो, आणि रोज उठून घरी आलो. ज्यांनी मला पाढे शिकवले त्यांना तुमचा नियम अपुरा आहे असे कसे म्हणायचे, हा एक संकोच. दुसरा असा की सावरत आलेल्या माणसाला पुन्हा त्या काठावर का न्यायचे. मास्तर सावरत आले आहेत असे मी स्वतःला सांगत होतो. ती दुसरी आखाजी. लिंबाला झोका नव्हता. मी पुण्याला परत गेलो आणि ते वर्ष तसेच गेले. माझ्या हातून जे वाया गेले त्यात ते वर्ष सगळ्यात मोठे आहे.

तिसऱ्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी चिंचोक्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो. आधी एकच विचारले. "मास्तर, भागाबाईंची मोट जुंपल्यापासून कितव्या दिवशी बुडाली नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते मोजायला थांबले नाहीत. "एकतिसाव्या."

एखाद्या दिवसाचा फरक पडला असता तरी माझे काम झाले असते. पण फरक नव्हता. मी ओट्यावर चिंचोके मांडले. पहिला दिवस, बारा. दुसरा दिवस, सहा. तिसरा आणि चौथा मिळून चार आणि तीन, सात. "पुढचे चार दिवस घ्या, मास्तर. पाचवा ते आठवा. त्यांत सगळ्यात लहान उतार आठव्या दिवसाचा, दीड बोट. चारही दीडच धरले तरी सहा होतात. पुढचे आठ दिवस घ्या. त्यांत सगळ्यात लहान पाऊण बोट. आठ पाऊण म्हणजे..."

"सहा," मास्तर म्हणाले.

"पुढचे सोळा..."

"सहा." त्यांनी हात वर करून मला थांबवले. "दिवस दुप्पट केले की सहा बोटं जातातच. कितीही वेळा." मग म्हणाले, "म्हणजे उतार रोज कमी होतो, आणि विहीर ठरत नाही."

"हो."

"मला वाटलं होतं उतार कमी होतो तेवढं पुरे. आजवर भेटलेल्या विहिरी निम्म्या-निम्म्यानं उतरत होत्या. ही तशी नव्हती. तिसऱ्या दिवशी तीन यायला हवं होतं, चार आलं. तिथं मी थांबायला हवं होतं." मग अगदी हळू विचारले, "आणि चौथ्या दिवसाचं तीन खरं होतं?"

"खरं होतं. ते खरं नसतं तर एकतीस आलं नसतं."

मास्तर उठून आत गेले. रांजणातून पाणी घेऊन त्यांनी तोंड धुतले. परत आले तेव्हा अंगावर धुतलेले धोतर होते. म्हणाले, "नंदुरबारची गाडी किती वाजता?"

आम्ही दुसऱ्या दिवशी नवापुरात उतरलो आणि तिथून कोसभर चाललो. दगाजींचे घर कुडाचे होते, अंगण सारवलेले. भागाबाई शेण हातात घेऊन उभी होती. तिने भावाला पाहिले आणि हात तसेच ठेवून उभी राहिली. मास्तर अंगणाच्या कडेला थांबले. त्यांनी टोपी नीट केली.

"भागा, तुझ्या विहिरीचा निकाल मी चुकीचा दिला. मोजमाप बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष..."

"दादा," ती म्हणाली, "शाळामा बोलस तसा नको बोलू. घरना मायेक बोल."

मास्तरांना घरचे बोलता येईना.

"मन्हा ऊस गया, गया. तेन्हं माले काय नही," भागाबाई म्हणाली. "पन तीन आखाज्या तू माले लेवाले उना नही. मी दरसाल लुगडं काढी ठेवू. सासरन्या बाया इचारेत, तुन्हा मुऱ्हाळी कोठे शे? मी सांगू, दादानी शाळा शे. आखाजीले कोनती शाळा ऱ्हास, दादा?"

तेव्हा मला कळले. दगाजींनी काही तोडले नव्हते. बहीण येत नव्हती कारण भाऊ आणायला गेला नव्हता. भाऊ गेला नव्हता कारण आपण तिच्याशी खोटे मोजले असे त्याला वाटत होते.

दगाजी दाराशी बसून सगळे ऐकत होते. मास्तर त्यांच्यासमोर गेले. दगाजी म्हणाले, "मास्तर, मोट नही बुडनी, त्या दिन मी तुम्हले लई शिव्या दिन्ह्यात. तुम्हले ऐकू उन्यात का?"

"नही."

"मंग त्या तठेच ऱ्हायन्यात. बठा." त्यांनी घोंगडी झटकून टाकली. पाणी आले. ते पिऊन झाल्यावर दगाजी म्हणाले, "मांगना महिनामा आठे इहीर खंदी. आखो मोट लावेल नही. मोजतस का?"

मास्तरांनी मान हलवली. "मी मोजसू. पन चार दिनमा सांगाव नही."

"कितला दिनमा सांगशात?"

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांना उत्तर माहीत होते; माझ्याकडून हवे होते. मी म्हणालो की कितीही दिवस मोजले तरी पुढचा दिवस उरतोच. नुसत्या आकड्यांवरून छातीठोक कधीच सांगता येणार नाही. उतार कुठल्या रीतीने कमी होतो ते धरता आले तर अंदाज बांधता येईल.

दगाजी म्हणाले, "मंग ऊस नही लावत. जवारी लावसू. तुम्ही मोजत ऱ्हा."

शाळेला सुटी होती. मास्तर तिथेच राहिले. दोरी रनाळ्यालाच होती, म्हणून भागाबाईने अंबाडीची नवी वळून दिली, आणि मास्तरांनी तिच्यावर बोटे आखून घेतली. मी दोन पहाटे त्यांच्याबरोबर काठावर बसलो आणि परत आलो. निघताना त्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "तू मागच्या वर्षी पण ओट्यावर येऊन बसत होतास. काहीतरी सांगायचं होतं तुला. मला वाटलं, लग्नाचं असेल." ते हसत होते. मी चपला पायात घातल्या. त्यांनी पुढे विचारले नाही.

मृगाच्या आधी दगाजींचे पत्र आले. कुणाकडून तरी लिहून घेतलेले, तीन ओळींचे. मी पोचलो तोवर सगळे होऊन गेले होते. मास्तरांना तिकडचा ताप आला तो उतरला नाही. सात दिवस.

भागाबाईने मला बसवले आणि सांगितले. ताप आल्यावर दोन दिवस मास्तर काठी टेकत विहिरीवर गेले. तिसऱ्या दिवसापासून ती जाऊ लागली. तिला लिहिता येत नव्हते. ती दोरीवरची बोटे मोजून येई, भावाला सांगे, आणि तो पडल्या पडल्या वहीत लिही. एक दिवस पाणी आदल्या दिवसापेक्षा जास्त उतरले. दीड बोट. त्या दिवशी त्याचा ताप फार होता. दारापर्यंत येताना तिच्या मनात आले, एकच बोट सांगावे.

"मंग?" मी विचारले.

"नही सांगं. दीड सांगं. दादाले खोटं कशे सांगू? तीन वरीस तो तेन्हासाठेच रडना." तिने पदराने तोंड पुसले. "तेन्ही दीड लिखं. मन्हाकडे दखं नि म्हने, तुले मोजता येस. मंग म्हने, सकायबी मोजजो."

त्यानंतर तिने विहिरीवरून आणलेला प्रत्येक आकडा त्यांना सांगितला; शेवटचा घेऊन आली तेव्हा ऐकायला ते नव्हते. तो तिने कोळशाने भिंतीवर काढला, रेघ ओढून. ती वही तिने मला दिली. तिच्यात तेवीस आकडे आहेत. मी ते पुष्कळ वेळा पाहिले. सुरुवातीचे उतार झपाट्याने लहान होतात, शेवटाकडे एकदा मोठा होतो, पुन्हा लहान. निम्म्याने उतरतात असे ठामपणे म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. तेवीस आकडे पुरत नाहीत.

मी आता नंदुरबारला शिकवतो. वरच्या वर्गाला ही बेरीज आली की मी आधी विचारतो, थांबेल का? सगळे म्हणतात, थांबेल. मी त्यांना लगेच चूक म्हणत नाही. बारा, सहा, चार, तीन एवढे लिहितो आणि पुढचे त्यांना काढायला लावतो. ज्याला लवकर कळते तो पेन्सिल खाली ठेवतो. त्या मुलाकडे पाहताना मला जे वाटते ते मी वर्गात कधी बोललेलो नाही.

आखाजीला भागाबाईला आणायला मी जातो. मी तिचा कुणी नाही, पण गाडी आमच्या घरची असते आणि ती आमच्या घरी उतरते. माझी आई गेल्यावरही हे थांबलेले नाही. नवापूरच्या त्या घराच्या मागच्या भिंतीवर आता रेघांना जागा उरलेली नाही, म्हणून तिने बाजूची भिंत घेतली आहे. मधल्या पावसाळ्यांत पाणी चढते, तेव्हा रेघा उलट्या काढते. विहीर ठरती आहे की जाती, हे तिने मला कधी विचारले नाही.

मी परवाच तिकडे जाऊन आलो. विहिरीत पाणी आहे.